बाटलीतला दहा मिलिग्रॅमचा चकवा

जुलै महिना, पुण्यात तो चिवट बारीक पाऊस लागलेला, लॅबच्या खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर घरघरतोय आणि मी बॅलन्ससमोर (लॅबमधला नाजूक वजनकाटा) श्वास रोखून बसलेले. काचेच्या छोट्या बाटलीत ५ ग्रॅम आयनिक लिक्विड, वर रबराचं सेप्टम लावलेलं झाकण, त्यातून दोन सुया, एकीतून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आत आणि दुसरीतून हवा बाहेर. बरोब्बर एक मिनिट गॅस सोडला, सुया काढल्या, बाटली बॅलन्सवर ठेवली. वजन ९.७ मिलिग्रॅमने वाढलेलं. एका मिनिटात! म्हणजे सुया लिक्विडमध्ये बुडवल्यासुद्धा नव्हत्या, गॅस नुसता वरून फिरवलेला. मी वहीत लिहिलं "फास्ट सरफेस अ‍ॅबसॉर्प्शन" (पृष्ठभागातून झटपट शोषण) आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा अजून आहेत वहीत, खोडल्या नाहीत मुद्दाम.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आयनिक लिक्विड म्हणजे खरं तर मीठच, फक्त वितळलेलं, आणि तेही खोलीतल्या तापमानाला. आपलं स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात कारण सोडियम आणि क्लोराइड दोघंही छोटे, गोल, डब्यात लाडू बसावेत तसे एकमेकांना चिकटून नीट बसतात. आता त्याच डब्यात चकल्या आणि करंज्या एकत्र भरा, काही केल्या नीट बसत नाहीत, मधे पोकळ्या राहतात. आयनिक लिक्विडचे आयन, म्हणजे धन आणि ऋण भार असलेले कण, असे मोठे, वाकडेतिकडे असतात, एकाला शेपूट, दुसऱ्याला फ्लोरिनची झुपकी, त्यामुळे घट्ट रचना जमतच नाही आणि पदार्थ द्रवच राहतो. तसं पहिलं ठळक उदाहरण जुनं आहे, १९१४ सालचं, पॉल वाल्डेनचं इथाइलअमोनियम नायट्रेट, १२ अंशाच्या आसपास वितळणारं. पण सीओटूवाल्यांची झुंबड उडाली ती १९९९ नंतर, नेचर या विज्ञान नियतकालिकात ब्रेनेके आणि मंडळींचा पेपर आला की प्रेशरखाली सीओटू या द्रवात भरपूर विरघळतो पण द्रव मात्र सीओटूत जरासुद्धा जात नाही. आणि हे द्रव जवळजवळ उडतच नाहीत, उघडं ठेवलं तरी आटत नाही, वास नाही. पॉवर प्लांटच्या धुरातून सीओटू पकडायला असं काहीतरी मिळालं तर कोणाला नको आहे.

माझ्या वाट्याला आलेलं लिक्विड म्हणजे बीमिम-एनटीएफटू. पूर्ण नाव इथे लिहिलं तर अर्धी ओळ जाईल, लॅबमध्ये कोणीच पूर्ण नाव घेत नाही. दिसायला पाण्यासारखं, पण बाटली तिरकी केली की कळतं की पाणी नाही, साधारण पातळ पाकासारखं सरकतं. आधी पीएफसिक्सवालं, म्हणजे वेगळ्या ऋण आयनाचं, वापरायचं ठरत होतं, पण ते ओलाव्यात हळूहळू तुटतं आणि हायड्रोजन फ्लोराइड सोडतं, जो काचसुद्धा खातो, तेव्हा सर म्हणाले पावसाळ्यात ती भानगड नकोच.

आता खरी गोष्ट अशी की जुलैच्या आधी जूनचा अख्खा महिना मी घालवला होता. तेव्हा सरळ लिक्विडमध्ये सुई बुडवून बुडबुडे सोडायचे. पहिल्या अर्ध्या तासात वजन वाढलं आणि नंतर कमी व्हायला लागलं. कमी! सीओटू चालूच आहे आणि वजन उतरतंय. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. सरांना ग्राफ दाखवला तर ते म्हणाले, "अगं सुकवलं होतंस का?" मी म्हटलं बाटली तर नवीन सीलबंद होती. "सीलबंद होती, तू उघडलीस ना." कार्ल फिशरवर (द्रवातलं पाणी मोजायचं यंत्र) टाकलं, पाणी साधारण ३००० पीपीएम. हे ऐकायला किती कमी वाटतं, ०.३ टक्के, पण हिशोब करा, एका ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅम पाणी, आणि हे लिक्विड साध्या हवेच्या दाबाला सीओटू किती घेतं, तर ग्रॅमला साधारण ३ मिलिग्रॅमच! म्हणजे सिलिंडरमधला कोरडा गॅस आत सीओटू सोडत होता आणि जाताना पाणी घेऊन जात होता, आणि मी दोघांची बेरीज-वजाबाकी मोजत बसले होते. वर आणखी एक गंमत, सुई बाहेर काढताना तिला लिक्विडचा थेंब चिकटून यायचा, आणि तो थेंब एकटाच वीसेक मिलिग्रॅमचा. जूनचा सगळा डेटा कचरा.

मग सुकवणं शिकले. ७० अंशाला, व्हॅक्यूमखाली, रात्रभर, ढवळत. व्हॅक्यूम लावला की आधी जोरात फेस येतो, तेव्हा नॉब हळूहळू उघडायचा नाहीतर लिक्विड उसळून पंपाच्या नळीत (माझं एकदा गेलं, अर्धा ग्रॅम, लॅबच्या काकांनी नळी काढून दाखवली आणि नुसतं "हं" म्हणाले). सकाळी परत कार्ल फिशर, आकडा १०० पीपीएमच्या खाली आला तरच पुढे. आणि मग ते बाटलीत भरताना नायट्रोजनच्या पिशवीत हात घालून भरायचं, कारण जुलैतली पुण्याची हवा म्हणजे ओलं फडकंच. पाणी न आवडणाऱ्या जातीचं हे लिक्विड, तरी ओलावा ओढतंच.

तर सुकवलेलं लिक्विड, सुया बुडवायच्या नाहीत, आणि पहिल्याच मिनिटात ९.७ मिलिग्रॅम. तुम्हीच सांगा, कोणाला आनंद होणार नाही? त्यात मी नुकतंच वाचलेलं की या द्रवांचा पृष्ठभाग फार खास असतो, गॅस आधी तिथे गोळा होतो वगैरे. डोक्यात पक्कं बसलं की मी तेच पाहिलं. संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले, वही पुढे केली. त्यांनी ९.७ कडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "ब्लँक?"

ब्लँक केला नव्हता. म्हणजे रिकामी बाटली घेऊन तेच सगळं करून बघायचं, ते. परत खाली आले, तशीच बाटली घेतली, आत काही नाही, झाकण, दोन सुया, एक मिनिट गॅस, बॅलन्स. ११.५ मिलिग्रॅम. माझी रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त सीओटू पीत होती.

पाच मिनिटं मी नुसती बसून राहिले, मग पेन घेतलं. सीओटू हवेपेक्षा जड, हे शाळेत शिकलेलं, पण शाळेत शिकलेलं लॅबमध्ये आठवलं तर काय हवं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, दाब पूर्ण १ बार नसतोच, ०.९५ च्या आसपास. त्या दाबाला एक मिलिलिटर सीओटूचं वजन साधारण १.७ मिलिग्रॅम, हवेचं १.१. फरक धरा ०.५७. माझी बाटली काठोकाठ २० मिलीची. रिकामीत हवा काढून सीओटू भरला की २० गुणिले ०.५७ म्हणजे ११.४. भरलेल्या बाटलीत साडेतीन मिली लिक्विड, उरले साडेसोळा, त्याचे ९.४. म्हणजे माझ्या त्या "फास्ट सरफेस अ‍ॅबसॉर्प्शन" मधलं ९.४ मिलिग्रॅम हे लिक्विडच्या वरच्या रिकाम्या जागेत हवेच्या ऐवजी जड गॅस बसला म्हणून. खरोखर लिक्विडमध्ये गेलेला सीओटू उरला ०.३. चकवा लागतो म्हणतात ना रानात, माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो, तसं झालं होतं. वाईट याचं वाटलं की आकडा इतका छान होता.

त्याच रात्री खोलीवर एक हिशोब केला जो खरं तर आधी करायला हवा होता. समजा पृष्ठभागावर सीओटूचा एकच थर बसला, रेणूला रेणू लागून. एका रेणूला जागा साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर. माझ्या बाटलीत लिक्विडचा उघडा पृष्ठभाग चार चौरस सेंटिमीटर. त्यावर मावणारे रेणू २ गुणिले १० चा १५ वा घात, आकडा भयंकर मोठा दिसतो, पण वजन काढलं तर जेमतेम ०.१५ मायक्रोग्रॅम. आमच्या बॅलन्सचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पृष्ठभागावरचा सीओटू बॅलन्सवर दिसायचा तर तो सहाशे-सातशे पट तरी हवा! म्हणजे मी जे पाहिलं असं समजत होते ते त्या बॅलन्सवर दिसणं शक्यच नव्हतं, एक नाही दहा थर बसले असते तरी नाही. हे कळल्यावर लाज वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं, का माहीत नाही.

मग पुढचे दिवस शिस्तीत. दर वेळी ब्लँक वजा. गॅस संपू नये म्हणून सेप्टमला सुईने फुगा जोडायचा, वाढदिवसाचा असतो तो साधा, सीओटू भरलेला (हे फुगे सीओटू लवकर गाळतात, दुपारपर्यंत सुरकुतलेल्या लिंबासारखे होतात, दिवसातून तीनदा बदलायचे). वजनाआधी पुन्हा गॅस फिरवायचा, जास्तीचा दाब सोडून द्यायचा. बाटलीला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही कारण बोटाचा ठसासुद्धा बॅलन्सला दिसतो. दोन तासांनी ३ मिलिग्रॅम. आठ तासांनी ६.१. वेळ चौपट, वजन दुप्पट. हे बघितल्यावर ताईंनी, म्हणजे आमच्या सीनियर, ज्या कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन करतात, त्यांनी सांगितलं की आडव्या अक्षावर वेळ नको, वेळेचं वर्गमूळ घे. घेतलं, आणि काय सरळ रेघ आली! पट्टी लावून काढल्यासारखी. याचा अर्थ गॅस दारातून आत कधीचाच आलाय, अडतोय तो आतल्या गर्दीत. सीओटू या लिक्विडमध्ये पाण्यातल्यापेक्षा कितीतरी हळू पसरतो, घट्टपणामुळे. आणि पसरण्याचा हिशोब असा दुष्ट आहे की खोली दुप्पट तर वेळ चौपट. १ मिलिमीटर जाडीचा थर साधारण तासाभरात भरतो, पण १ सेंटिमीटरला चार दिवस. माझ्या उभ्या बाटलीत खोली आठ-साडेआठ मिलिमीटर, म्हणजे अडीच-तीन दिवस हलायचं नाही.

ढवळ ना मग, असं म्हणाल. ढवळलं. छोटा मॅग्नेट टाकला, मस्त फिरला, मग बॅलन्सवर ठेवलं तर आकडा जागेवर थांबेचना, बाटली थोडी सरकवली की वजन बदलतंय. बॅलन्स आतून चुंबकानेच काम करतो, त्याला माझा मॅग्नेट कसा चालेल. मग पातळ थराचा प्रयोग, पेट्री डिशमध्ये मिलिमीटरभर. भरला पटकन, पण उघडी डिश बॅलन्सपर्यंत नेईपर्यंत मिनिटात आठवा-सातवा हिस्सा परत उडून जातो, जितक्या सहज आत येतो तितक्याच सहज बाहेर. हेही चार-पाच दिवस गेल्यावर कळलं.

शेवटी उपाय निघाला तो इतका साधा की सांगायला संकोच वाटतो. बाटली आडवी केली. बास. उभी असताना चार चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आणि आठ मिलिमीटर खोली, आडवी केली की पृष्ठभाग नऊच्या पुढे आणि खोली निम्मी. शेजारच्या बायोलॉजीवाल्यांकडे रक्ताच्या ट्यूब हलवायचा रोलर होता, तो मागून आणला, त्यावर बाटली आडवी फिरत ठेवली. फिरताना लिक्विडची पातळ फिल्म काचेवर सगळीकडे चढते, पुन्हा खाली येते, प्रत्येक फेरीला नवा पृष्ठभाग. मी अर्धा तास नुसती बघत होते, उन्हात तेल लावलेली बरणी फिरवावी तसं दिसत होतं. चार तासांत वजन स्थिर. १५.१ मिलिग्रॅम, ५ ग्रॅमला, म्हणजे ग्रॅमला ३.०. हेन्रीच्या स्थिरांकावरून (द्रवात गॅस किती विरघळतो ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका गॅस जास्त), २५ अंशाला तो या जोडीसाठी ३३ बारच्या जवळ आहे, पुण्याच्या दाबाला ३.१ यायला हवं. मी सरांना सांगायला धावत गेले नाही यावेळी. आधी तीन वेळा केलं, ब्लँकसकट.

इथे एक तक्रार नोंदवते. पेपरांमध्ये सगळे मोल फ्रॅक्शन, म्हणजे वजन नव्हे तर रेणूंच्या संख्येतला वाटा, लिहितात आणि त्यात आयनिक लिक्विड फार भारी दिसतं. पीएफसिक्सवाल्याचा हेन्री स्थिरांक ५३ बार, माझ्या एनटीएफटूवाल्याचा ३३, म्हणजे मोलच्या भाषेत माझं दीडपट चांगलं. पण माझ्याचा रेणूही तेवढाच जड, रेणुभार त्याचा २८४ तर माझ्याचा ४१९. ग्रॅमवर आणा, दोघंही ३ मिलिग्रॅमच्या आसपास, फरक नगण्य. आणि कारखान्यांत वापरतात ते पाण्यातलं ३० टक्के अमाइन (सीओटूला रासायनिक बांधणारं नायट्रोजनचं संयुग) ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमपर्यंत घेतं! अर्थात त्यातून सीओटू परत सोडवायला उष्णता भरपूर लागते, पाणी उकळावं लागतं, ते वेगळं. आयनिक लिक्विडलाच अमाइनची शेपटी जोडायची युक्ती २००२ मध्ये आली, ती जास्त घेते पण सीओटू घेतला की घट्ट होत जाते, आणि मग आधी भरलेला वरचाच थर आतल्या थराचा रस्ता अडवतो. अ‍ॅसिटेटवालं मी दोन आठवडे करून बघितलं, त्यात सीओटू खरोखर रासायनिक बांधला जातो, आयनांच्या दोन जोड्यांमागे एक रेणू, ग्रॅमला ५० मिलिग्रॅमच्या पुढे सहज गेलं. पण ते मधासारखं चिकट, पाणी तर असं ओढतं की विचारू नका, आणि तापवून सीओटू काढायला गेलं की व्हिनेगरसारखा वास. ते प्रकरण मी सोडलं.

पण पृष्ठभागाचं माझ्या डोक्यातून जाईना. बॅलन्सला दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच. ताईंकडे जाऊन बसले. त्यांनी सिम्युलेशनमध्ये याच लिक्विडचा एक तुकडा केलेला, वर-खाली रिकामी जागा, त्यात सीओटूचे रेणू सोडलेले. स्क्रीनवर बघताना पहिल्यांदा कळलं की पृष्ठभाग म्हणजे सपाट पाणी नव्हेच. ब्यूटाइलच्या शेपट्या बाहेर गॅसकडे तोंड करून उभ्या, गवत असावं तसं, आणि चार्ज असलेली डोकी त्याच्या जरा खाली, त्याखाली पुन्हा थर-थर, आणि काही नॅनोमीटर आत गेलं की सगळं अस्ताव्यस्त. सीओटूचा रेणू येतो, आपटून परत जात नाही फारसा, त्या शेपट्यांमध्ये घुटमळतो. ताईंनी ग्राफ काढून दाखवला, उंचीनुसार सीओटूची घनता, तर पृष्ठभागापाशी चक्क टेकडी, आतल्यापेक्षा वर. तिथे त्याला सर्वात आरामशीर वाटतं. मग एखादा खाली सरकतो आणि तिथे मुख्यतः अ‍ॅनायनच्या आसपास जागा शोधतो, फ्लोरिनची झुपकी असलेल्या त्या ऋण आयनजवळ. मी म्हटलं, "म्हणजे माझी ती दोन रेघांची ओळ बरोबर होती." ताई म्हणाल्या, "ओळ बरोबर होती गं, आकडा बाटलीचा होता."

हे प्रत्यक्ष बघायलाही लोकांकडे साधनं आहेत. एक्स-रे मारून पृष्ठभागातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे, त्याला कडक व्हॅक्यूम लागतो, पाणी ठेवलं तर क्षणात उडून जाईल, पण हे लिक्विड उडत नसल्याने मजेत बसून राहतं. आणि थोड्या सीओटूच्या दाबातही चालणारी अशी मशीन आता आहेत. आमच्याकडे नाही, त्यामुळे मी फक्त फोटो बघितले.

माझ्या हातात होतं ते सिलिका. सच्छिद्र सिलिका जेल, ग्रॅमला ३०० चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणजे बाटलीतल्या चार चौरस सेंटिमीटरच्या साडेसात लाख पट. लिक्विड मेथनॉलमध्ये पातळ करून सिलिकावर ओतायचं, मेथनॉल रोटाव्हॅपवर (व्हॅक्यूमखाली फिरवत द्रव उडवायचं यंत्र) उडवायचं, उरते कोरडी दिसणारी पूड. हाताला ओली लागत नाही, पण त्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं लिक्विड आहे, छिद्रांच्या भिंतींना चिकटलेलं, नॅनोमीटरभर जाडीचं. इथे आतलं-बाहेरचं असं काही उरतच नाही, बहुतेक सगळं पृष्ठभागच. लिक्विड जास्त घातलं की छिद्रं बुजतात आणि केलेलं सगळं वाया, ते प्रमाण जमवायला पाच बॅच गेल्या. जमल्यावर पूड बाटलीत, गॅस, वजन. काही मिनिटांत भरली. अर्थात नुसती सिलिकाही सीओटू धरते, तिचा वेगळा ब्लँक, आणि पुडीमधल्या हवेचा वेगळा. माझ्या वहीत आता प्रयोगांपेक्षा ब्लँकची पानं जास्त आहेत.

सप्टेंबरच्या शेवटी जुलैतलं तेच ५ ग्रॅम लिक्विड परत व्हॅक्यूमला लावलं. ७० अंश, नॉब हळू. आधी बाटलीच्या तळाशी काचेला एक ओरखडा आहे तिथून बुडबुड्यांची माळ सुरू झाली, मग सगळीकडून, मग दहा मिनिटांत सगळं शांत. सकाळी वजन केलं, जुलैतल्या सुक्या वजनापेक्षा ०.४ मिलिग्रॅमने कमी. ते ०.४ कुठे गेलं ते मला माहीत आहे, एकदा सुई चुकून लिक्विडला टेकली होती.